सात भागिले बारा

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २४, बी.ए. झालं आहे. बाबांचं साडेचार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. मी घरी पोरांची शिकवणी घेते, त्यात महिन्याचे दीड-दोन हजार सुटतात. गेल्या वर्षी ४,९९९ रुपये भरून एक ऑनलाइन कोर्स केला. 'चेहरा न दाखवता महिन्याला पन्नास हजार' असा तो कोर्स होता. त्यात शिकवलं तसं मी यूट्यूबवर सात महिन्यांत १४० व्हिडिओ टाकले. रहस्यकथा, नट-नट्यांचे किस्से, सिनेमातले तुकडे, सगळ्यांना मशीनचा आवाज, कारण माझा आवाज गावंढळ वाटतो. एका सिनेमाच्या व्हिडिओनं उसळी घेतली, हजारावर सबस्क्रायबर झाले, चार हजार तासही भरले. जाहिरातीचे पैसे सुरू करायला अर्ज केला तर 'रियूज्ड कंटेंट', म्हणजे दुसऱ्याचंच पुन्हा वापरलेलं, म्हणून नापास. आता कोर्सवाले म्हणतात, बारा हजार द्या, तयार मोनेटाइज झालेलं, म्हणजे पैसे सुरू असलेलं चॅनेल देतो. देऊ का? की चेहरा न दाखवता कमवायचं हे सगळं खोटंच असते? दादाला यातलं काही माहीत नाही. तो म्हणते, 'पोट्टीचा चेहरा मोबाईलवर गावभर फिरला नाही पाह्यजे.' एकच व्हिडिओ मी मनानं केला होता, मोबाईलवर सातबारा कसा काढायचा याचा. त्याला अकरा हजार व्ह्यूज आले, पण मशीननं '७/१२' ला 'सात भागिले बारा' म्हटलं, लोक कमेंटमध्ये हसले, म्हणून लाजेनं काढून टाकला.

— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर:

बाई गं, बारा हजार देऊ नको. बाकीचं बोलू निवांत, पण हे आधी.

तयार चॅनेल म्हणजे दुसऱ्या कोणाच्या ई-मेलवर, दुसऱ्याच्या पॅनवर उभं राहिलेलं दुकान. पैसे येतात ते ॲडसेन्सच्या, म्हणजे गुगलच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या सोयीच्या, खात्यात, आणि ते खातं माणसाच्या नावाशी, पत्त्याशी, बँकेशी बांधलेलं असतं. तुझ्या हाती पासवर्ड येईल, पण ज्यानं चॅनेल उघडलं तो उद्या 'माझं खातं हॅक झालं' अशी तक्रार करून परत घेऊ शकतो. शिवाय त्या चॅनेलवर आधी काय चालत होतं हे तुला कोण सांगणार? यूट्यूबचा नियम साधा आहे: नव्वद दिवसांत कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक बसल्या की चॅनेल बंद. त्यातल्या दोन आधीच बसलेल्या असल्या तर? बैल घेताना दात पाहतो आपण. इथे तर बैलाला हातही लावायचा नाही, नुसता फोटो पाहून पैसे द्यायचे.

आणि हेच लोक उद्या म्हणतील, 'तुमचं बँक खातं काही दिवस वापरायला द्या, महिन्याला अमुक देतो.' अशा भाड्याच्या खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात खातेदाराच्या दारात. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण ज्यांनी तुला एकदा ४,९९९ ला गाठलं त्यांच्या यादीत तुझा नंबर आता कायमचा आहे, म्हणून सांगून ठेवते. कोणी फसवलंच तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि फोन लगेच करायचा, दोन दिवस रडून झाल्यावर नाही.

आता तुझा खरा प्रश्न. चेहरा न दाखवता कमवायचं हे खोटं असतं का? नाही. यूट्यूबला चेहरा लागतच नाही. स्वयंपाकाचे कितीतरी चॅनेल नुसत्या हातांवर चालतात, कणीक मळणारे हात, कढईत फोडणी, मागून आवाज. गाडी दुरुस्त करणारे, शिवण शिकवणारे, भजनं म्हणणारे, गणित सोडवणारे, कोणाचा चेहरा आपल्याला आठवतो? तुझा अर्ज चेहऱ्यामुळे नापास झाला नाही. नापास झाला कारण त्या १४० व्हिडिओंत तू कुठेच नव्हतीस. सिनेमा दुसऱ्याचा, किस्सा दुसऱ्याच्या पानावरचा, आवाज मशीनचा. तुझं काय होतं? मेहनत होती, सात महिन्यांची. पण ती स्क्रीनवर दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबनं आपल्या नियमाचे शब्दही बदलून हे स्पष्ट केलं: साच्यातून काढल्यासारखे, घाऊक बनवलेले व्हिडिओ पैसे मिळवायला चालणार नाहीत. मशीनचा आवाज वापरला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, एआयची मदत घेणंही चालतं. पण कोर्सवाल्यानं तुला शिकवलं ती युक्ती, एकामागून एक व्हिडिओ, सगळे एकाच साच्याचे, नेमकी तीच या नियमात अडकते. आणि तो अजूनही तोच कोर्स विकत असेल. कोर्स विकायला कुठे चार हजार तास भरावे लागतात?

तुझ्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मी तीनदा वाचली. १४० व्हिडिओंमध्ये एकच तुझ्या मनानं केलेला, आणि त्याला अकरा हजार माणसं आली. कुठून आली असतील? कोणी पांढरकवड्याच्या बँकेत पीक कर्जाला सातबारा मागितला म्हणून, कोणी सेतूवाल्यानं पन्नास रुपये सांगितले म्हणून, कोणी पुण्यात नोकरीला आणि गावची जमीन बापाच्या नावावर म्हणून. ही माणसं वेळ घालवायला आली नव्हती, त्यांचं काम अडलं होतं. अडलेला माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतो, थांबवून पाहतो, मागे नेऊन पाहतो. आणि तू काय केलंस? 'सात भागिले बारा' वर चार जण हसले म्हणून तो काढून टाकलास!

मीही हसले, खोटं कशाला बोलू. 'सात भागिले बारा उतारा काढण्यासाठी.' तलाठी ऐकेल तर खुर्चीवरून पडेल. पण गंमत बघ, लोक मशीनला हसले, तुला नाही. तुझा तो गावंढळ आवाज असता तर 'सातबारा' असंच म्हणाला असता, 'गट नंबर बारा बटा दोन' असंच म्हणाला असता, 'फेरफार' म्हणताना अडखळला नसता. ज्याला हे शब्द जिभेवर आहेत त्याच्यावर शेतकरी भरवसा ठेवतो. पुण्या-मुंबईचा स्वच्छ आवाज ऐकला की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, हा आता काहीतरी विकणार.

म्हणून माझं म्हणणं असं की जुनं चॅनेल सोडून दे. तिथले सबस्क्रायबर नट-नट्यांसाठी आलेत, ते तुझा सातबारा पाहणार नाहीत. पहिल्यांदा नापास झाल्यावर तीस दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो हे खरं. पण त्यासाठी उचललेले व्हिडिओ काढावे लागतील, आणि काढलेल्या व्हिडिओंचे तास मोजणीतून जातात. मग उरलं काय? नवीन उघड.

विषय तुझ्या ओट्यावर आहे. तू लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते, गावातल्या निम्म्या लोकांची ई-पीक पाहणी तूच भरून देत असशील. बी.ए. झालेली, मोबाईल कळणारी, घरी असणारी पोट्टी म्हटलं की 'बाई, हे जरा पाहून दे' म्हणत लोक येणारच. खरिपात ई-पीक पाहणी, मग पीक विमा, मग फार्मर आयडी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, पीएम किसानचे सहा हजार अडकले तर का अडकले. २०२५ च्या हंगामात त्यात 'कपास किसान' ॲपची भर पडली: सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर आधी मोबाईलवर नोंदणी. लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला, पण नोंदणीत ओटीपीच येत नाही म्हणून व्यापाऱ्याला कमी भावानं देऊन मोकळे झालेले लोक असतात ना? त्यांना कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवं की कुठल्या चौकोनात काय भरायचं, आणि लाल अक्षरात अमुक आलं की घाबरायचं नाही.

यासाठी चेहरा लागत नाही, कॅमेराही लागत नाही. मोबाईलमध्येच स्क्रीन रेकॉर्ड करायची सोय असते. स्क्रीन आणि तुझा आवाज, बस. जिथे शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो तिथे बांधावरून तुझा हात, हातातला मोबाईल आणि मागे पऱ्हाटी एवढंच दिसू दे. उन्हात स्क्रीन दिसत नाही, पदराची सावली करावी लागते, रेंज नसली तर भरलेलं जपून ठेवून गावात येऊन अपलोड करायचं, हे सगळं व्हिडिओत येऊ दे. एसीत बसून व्हिडिओ करणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून घडलेली सांगते, तू ती करू नको. मी एकदा आमच्या शेजारच्या काकांचा अर्ज भरताना स्क्रीन रेकॉर्ड केली, नातेवाइकांच्या ग्रुपवर शिकवायला म्हणून टाकली. आधार नंबर झाकला, मोठ्या शहाणपणानं. मोबाईल नंबर झाकायचा राहिला. तो व्हिडिओ कुठून कुठे फिरला देव जाणे, काकांना आठ दिवस फोन येत होते, 'शेती विकायची का?' काका अजून मला पाहिलं की विचारतात, 'कोणतं वावर विकलं आज?' तेव्हा रेकॉर्ड करताना स्वतःच्या घरचीच कागदपत्रं घे, आणि टाकण्याआधी व्हिडिओ आवाज बंद करून एकदा नुसता डोळ्यांनी पाहा: आधार, मोबाईल, खाते क्रमांक, ओटीपी, सातबाऱ्यावरची भाऊबंदांची नावं. रेकॉर्डिंग चालू असताना मोबाईल 'डू नॉट डिस्टर्ब' वर, नाहीतर वरून मैत्रिणीचा मेसेज टपकतो. आणि कोणी कमेंटमध्ये म्हटलं की 'ताई, माझा ओटीपी घ्या अन् भरून द्या', तर हात जोडून नाही म्हणायचं. ओळखीचा असला तरी.

दुसरं पथ्य खरेपणाचं. योजनांच्या चॅनेलचा आपल्याकडे सुकाळ आहे, आणि बहुतेकांच्या फोटोवर रोज 'आजच खात्यात जमा!' लिहिलेलं असतं. लोक उघडतात, आत काही नसतं, शिव्या घालतात, परत उद्या उघडतात. तू त्या रांगेत जाऊ नको. व्हिडिओच्या सुरुवातीला आजची तारीख बोल, कारण या योजनांचे नियम हंगामागणिक बदलतात. अधिकृत पोर्टलवर जे आहे तेच दाखव. शंका असली तर तलाठ्याला विचार (कागदावर ते आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, आपल्यासाठी तलाठीच). डिजिटल सही असलेला सातबारा सरकारी पोर्टलवर पंधरा रुपयांत निघतो, एवढं एक वाक्य कोणी खरं सांगितलं तरी लोक नाव काढतात.

आवाज कुठे रेकॉर्ड करायचा हे कोर्सवाल्यानं तुला सांगितलं असेल: फोम लावा, माईक घ्या, दोन-तीन हजारांचा. काही घेऊ नको. तुमच्या घरात कापूस साठवलेली खोली असेलच. वेचणीनंतर भाव वाढायची वाट पाहत आढ्यापर्यंत भरलेली. त्या खोलीत दार लावून बोलून पाहा. आवाज कणभर घुमत नाही, स्टुडिओवाले यासाठी पैसे मोजतात. पंखा बंद, मोबाईल तोंडापासून वीतभर, सरळ समोर नाही तर जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. मात्र फार वेळ बसू नको, आणि होळीच्या सुमाराला तर नकोच. जुन्या कापसानं अंगाला काय खाज सुटते हे तुला मी सांगायला नको. कापूस विकला की मग गोधडी डोक्यावरून घेऊन बोल. हसू येईल पण चालतं.

आता पैशाचं, कारण तुझा प्रश्न पैशाचा आहे.

जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास, हे तुला माहीत आहे. (शॉर्ट्सच्या वाटेनं नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात, ती वाट विसर. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या चार हजारांत धरतही नाहीत.) चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. एक माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर ऐंशी हजार व्ह्यूज. आठवड्याला दोन व्हिडिओ टाकलेस, वर्षाला शंभर, तर प्रत्येकाला सरासरी आठशे. तुझ्या एका सातबाऱ्याला अकरा हजार आले होते, म्हणजे हे होण्यासारखं आहे. पण पुढचा हिशेब ऐक. जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याचा. हजार व्ह्यूजला किती पडतात हे विषयावर, महिन्यावर, पाहणाऱ्यावर ठरतं, कोणी छातीठोक आकडा सांगितला तर समजावं की तो कोर्स विकतोय. समजायला सोपं म्हणून तुझ्या हाती चाळीस रुपये धरू. वर्षभरात जमवलेल्या तेवढ्याच ऐंशी हजार व्ह्यूजचे होतात ३,२००. आणि ॲडसेन्स शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही. म्हणजे आठ हजारांच्या वर. पहिलं वर्ष तर अट पुरी करण्यातच, बिनपैशाचं जाईल, हा हिशेब त्यानंतरचा.

तुझा जीव खट्टू व्हावा म्हणून सांगत नाही. दुसऱ्या वर्षी जुने व्हिडिओ बसल्या जागी चालतात, हंगाम आला की लोक पुन्हा शोधत येतात, सुपर थँक्ससारखी देणगीची सोय तर पाचशे सबस्क्रायबर आणि तीन हजार तासांपासूनच सुरू होते. पण शिकवणी सोडू नको. आणि पन्नास हजारांचा आकडा डोक्यातून काढ.

लवकर पैसे हवे असतील तर दुसरीकडे पाहा. तू सात महिन्यांत १४० व्हिडिओ जोडलेस, कापलेस, त्यांना अक्षरं लावलीस. ४,९९९ रुपयांत तू नकळत एडिटिंग शिकलीस, आणि ते काम विकता येतं, अगदी चेहऱ्याशिवाय. तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटोग्राफर असतात. लग्नसराईत त्यांच्याकडे शूटिंग पडून राहतं, कापायला माणूस नसतो, आणि आता नवरदेवाला दुसऱ्या दिवशीच रील हवी असते. त्यातल्या एकाकडे जा. एक रील फुकट करून दाखव, एकच. दुसरीपासून पैसे, आणि निम्मे आधी. भाव तिथल्या तिथे काढ, यवतमाळचा वेगळा, घाटंजीचा वेगळा. काम मोबाईलवर येतं, मोबाईलवर जातं. रेंज नसेल तर पेनड्राइव्ह एसटीच्या कंडक्टरच्या हाती देणारे लोक मी पाहिलेत, तो भाग वेगळा.

अजून एक. बाजाराच्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून फिरते ती जाहिरात कोणाच्या आवाजात असते? बहुतेक एकाच कंटाळलेल्या माणसाच्या. तालुक्यातल्या कृषी केंद्रवाल्याला, साडीच्या दुकानवाल्याला वऱ्हाडीत अर्ध्या मिनिटाची जाहिरात बोलून दिलीस तर तो घेईल. 'बाप्पा, काहून इतल्या लांब जाता?' असं भोंग्यातून ऐकू आलं की बाजारातला माणूस मान वळवतोच. तुझा गावंढळ आवाज इथे रोख पैसे देईल. कागदोपत्री हे 'व्हॉइस ओव्हर' आहे, सांगताना तसं सांग, दोन रुपये जास्त मिळतात.

दादाचं शेवटी ठेवलं, कारण तेच अवघड आहे.

तो म्हणतो ते मला पटत नाही, पण तो उगाच म्हणत नाही. मुलींचे फोटो उचलून काय काय करतात हे त्यानंही मोबाईलवर पाहिलं असेल. चेहरा न दाखवण्याचा निर्णय तुझा असेल तर तो चांगलाच आहे, मी तुला धीट हो, समोर ये असं सांगणार नाही. पण चॅनेल लपवून ठेवणं वेगळं. ते जमणार नाही. एक तर तू बोललीस की गाव ओळखेल. दहा गावांत आवाज ओळखणारी माणसं आहेत, पहिल्याच वाक्यात म्हणतील, 'अगं ही तर अमक्याची पोट्टी.' दुसरं म्हणजे ॲडसेन्समध्ये दहा डॉलर जमले की गुगल पत्ता तपासायला टपालानं पिन पाठवतं. छोटंसं पाकीट, वर तुझं नाव. पोस्टमन काही ते तुझ्या हातात नेऊन देणार नाही. ओट्यावर जो बसला असेल त्याच्या हाती देईल, आणि आपल्याकडे ओट्यावर दादा असतो. ते पाकीट त्याच्या हातात पडण्याआधी त्याला माहीत असू दे.

परवानगी माग असं म्हणत नाही, तू चोवीस वर्षांची आहेस. सांग म्हणते. आणि सांगताना चॅनेलपासून सुरुवात करू नको. त्याची स्वतःची पीक पाहणी किंवा कापसाची नोंदणी करताना त्याला शेजारी बसव, स्क्रीन रेकॉर्ड चालू कर, तुझ्या आवाजात बोलत बोलत भर, आणि मग त्यालाच तो व्हिडिओ दाखव. त्याच्या मित्राला पाठवावासा वाटेल त्याला. त्यानं पाठवला की अर्धं काम झालं. जुन्या १४० व्हिडिओंचं आणि ४,९९९ चंही सांगून टाक, ते नंतर दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. ओरडेल. ओरडू दे.

घरच्यांखेरीज बाहेरचेही असतातच. बाईचा आवाज ऐकला की 'ताई, चेहरा तर दाखवा' म्हणणारे येतात. यूट्यूब स्टुडिओत कमेंट आधी थांबवून ठेवायची सोय आहे, तू पाहून सोडशील तेवढ्याच दिसतात, आणि नकोशा शब्दांची यादीही भरून ठेवता येते. ती पहिल्याच दिवशी कर. संपर्काला वेगळा ई-मेल, स्वतःचा मोबाईल नंबर कुठेच नको, गावाचं नावही नको. तालुका पुरे.

बँकेचं तेवढं लक्षात ठेव. खातं तुझ्या एकटीच्या नावावर, आणि ॲडसेन्समधलं नाव पासबुकावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. बी.ए.च्या गुणपत्रिकेत आईचं नाव मध्ये आणि आधारवर बापाचं, असं काही असेल तर आत्ताच सरळ कर. खातं राष्ट्रीयीकृत बँकेत असू दे, कारण पैसे परदेशातून येतात, त्याला स्विफ्ट कोड लागतो. तुझ्या शाखेत नसला तर मोठ्या शाखेचा कोड बँकवाले सांगतात, दोन खेटे घालावे लागतील. ॲडसेन्समध्ये कराचा फॉर्म येतो, इंग्रजी पाहून तो सोडू नको. भरला नाही तर सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत अमेरिकेचा कर कापला जाऊ शकतो. भरला तर फक्त अमेरिकेतल्या पाहणाऱ्यांपासून आलेल्या पैशावर, आपल्यासाठी १५ टक्के. घाटंजीची पीक पाहणी अमेरिकेत कोण पाहणार, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

पहिला व्हिडिओ तोच कर, जो काढून टाकलास. मोबाईलवर सातबारा. या वेळी तुझ्या आवाजात, कापसाच्या खोलीत बसून. तयार झाला की टाकण्याआधी मला पाठव, कुठे कोणाचा नंबर झाकायचा राहिला का ते मी पाहीन. या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे, काकांना विचार.